फोनच्या कॅमेऱ्याने तेलाची तपासणी : काय मोजता येतं आणि काय नाही

खाद्यतेलाचा फोटो काढला आणि फोनने सांगितलं की तेल शुद्ध आहे, असं होत नाही. असा दावा करणाऱ्या कुठल्याही ॲपवर विश्वास ठेवू नये. पण त्याच फोनला छोटा आणि नेमका प्रश्न विचारून पाहा. या तेलात मोकळं आम्ल किती आहे? हवेतल्या ऑक्सिजनमुळे बनणारे पेरॉक्साइड किती साठले आहेत? हरितद्रव्य आहे की काढून टाकलंय? प्रश्नाआधी थोडी रासायनिक तयारी केली, तर फोन खरोखर उपयोगी पडणारं उत्तर देतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत, छोट्या तेल उद्योगात किंवा महागडं उपकरण पोचत नाही अशा ठिकाणी या उत्तराला फार किंमत आहे. म्हणून ही पद्धत नेमकी कशावर उभी आहे आणि कुठे थांबते, ते नीट समजून घेऊ.

रंगावरून तेल ओळखण्याची कल्पना जुनी आहे. जोसेफ लव्हिबाँड या इंग्लिश बिअर उत्पादकाने १८८५च्या सुमारास बिअरचा रंग मोजण्यासाठी रंगीत काचांच्या पट्ट्यांचं उपकरण तयार केलं. एका बाजूला नमुना, दुसऱ्या बाजूला काचा. दोन्हींचा रंग डोळ्यांना सारखा दिसेपर्यंत काचा बदलत राहायचं. तेल उद्योगात आजही तेलाचा रंग लव्हिबाँडच्या लाल आणि पिवळ्या एककांत सांगतात. या पद्धतीतली एक गोष्ट फोनवर काम करतानाही पदोपदी लागते. लव्हिबाँडने डोळ्याला ‘हा रंग किती गडद आहे?’ असं कधीच विचारलं नाही. त्याने विचारलं, ‘हे दोन रंग सारखे आहेत का?’ डोळा मोजण्यात कच्चा असतो, पण तुलनेत पक्का असतो. कॅमेऱ्याचंही तसंच आहे.

तेल प्रकाशाचं काय करतं

वनस्पती तेलाचा जवळजवळ सगळा भाग ट्रायग्लिसराइडचा असतो. ग्लिसरॉलचा एक रेणू आणि त्याला जोडलेली तीन मेदाम्लं, अशी त्याची रचना. ट्रायग्लिसराइड दृश्य प्रकाशात रंगहीन असतात. पिवळेपणा येतो कॅरोटिनॉइडमुळे, हिरवटपणा येतो हरितद्रव्यामुळे आणि त्याच्यापासून बनणाऱ्या फिओफायटिनमुळे. ही द्रव्यं अगदी थोडी असतात, पण प्रकाश जोरात शोषतात. कॅरोटिनॉइड ४०० ते ५०० नॅनोमीटरचा म्हणजे जांभळा-निळा प्रकाश खातात. हरितद्रव्याच्या कुटुंबाला ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा आणि ६७० नॅनोमीटरच्या आसपासचा गडद लाल प्रकाश लागतो.

यातून एक मोठी मर्यादा सुरुवातीलाच कळते. तेल सूर्यफुलाचं की सोयाबीनचं, हे ठरतं मेदाम्लांच्या प्रमाणावरून, आणि तो भाग कॅमेऱ्याला दिसतच नाही. रिफाइंड केलेली दोन वेगळी तेलं फोटोत एकसारखी फिकट पिवळी दिसतात. कारण त्यांना वेगळं दाखवू शकणारी रंगद्रव्यं शुद्धीकरणात बहुतांशी निघून गेलेली असतात.

जे दिसतं ते मोजायचं कसं? त्यासाठीचा नियम तिघांच्या कामातून आला : पिएर बूगेर (१७२९), योहान लँबर्ट (१७६०) आणि ऑगस्ट बेअर (१८५२). नमुन्यात शिरलेला प्रकाश आणि बाहेर पडलेला प्रकाश यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम काढला की ‘शोषणांक’ मिळतो. हा शोषणांक रंगद्रव्याचं प्रमाण आणि प्रकाशाने नमुन्यातून कापलेलं अंतर, या दोन्हींच्या समप्रमाणात असतो. शोषणांक १ म्हणजे फक्त १० टक्के प्रकाश पलीकडे पोचला, २ म्हणजे १ टक्का. प्रकाश सरळ रेषेत घटत नाही, दर थराला ठरावीक टक्क्यांनी घटतो, म्हणून लॉगॅरिदम घ्यावा लागतो.

अनुभवी माणसंही इथे एका ठिकाणी गोंधळतात. तेल पिवळं दिसतं म्हणून फोटोतला पिवळा मोजायचा नसतो. पिवळा दिसतो कारण निळा खाल्ला गेलाय. म्हणजे माहिती निळ्यात आहे. फोटोत लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे आकडे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. लाल रंगाचं द्रावण असेल तर हिरव्या चॅनेलमध्ये पाहायचं, निळं असेल तर लाल चॅनेलमध्ये.

कॅमेरा मोजत नाही, चित्र काढतो

फोनच्या सेन्सरवर लाखो सूक्ष्म प्रकाशग्राही खाचा असतात. त्यांना रंग कळत नाही, फक्त किती प्रकाश पडला ते कळतं. रंग यावा म्हणून प्रत्येक खाचेवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. चौघांच्या प्रत्येक गटात दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६चं. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजारच्या खाचांवरून अंदाजाने भरले जातात. शिवाय सिलिकॉनला अवरक्त प्रकाशही दिसतो, म्हणून तो अडवणारी काच आत असते. दुसऱ्या टोकाला अतिनील प्रकाश भिंगांमध्ये आणि गाळण्यांमध्येच अडतो. फोनला दिसतो तो साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा, आणि तोही तीन रुंद तुकड्यांत.

इथपर्यंत फारसा त्रास नाही. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो, कारण फोनला फोटो सुंदर दिसायला हवा असतो. तो पाहुणे येण्याआधी घर आवरणाऱ्या माणसासारखा वागतो, आणि आपल्याला तर पसारा जसाच्या तसा बघायचा असतो. नमुना गडद असला तर फोन आपोआप उजेड वाढवतो. फ्रेम पिवळ्या तेलाने भरली तर त्याला वाटतं की दिवाच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा कमी करून टाकतो. म्हणजे जे मोजायचंय तेच पुसलं जातं! यावर रंग भडक करणं, अंधारे कोपरे उजळणं, चार फोटो जोडून एक करणं, हे सगळं न विचारता चालू असतं.

यातलं सगळ्यात फसवं प्रकरण आकड्यांचं आहे. साध्या जेपीईजी फोटोत प्रत्येक चॅनेलला ० ते २५५ असा आकडा असतो. समजा कोऱ्या द्रावणाचा, म्हणजे तपासायचा पदार्थ नसलेल्या द्रावणाचा, आकडा २०० आला आणि नमुन्याचा १००. वाटतं, प्रकाश निम्मा झाला, म्हणजे शोषणांक ०.३०. पण हे आकडे प्रकाशाच्या समप्रमाणात नसतात. डोळ्यांना छटा नीट दिसाव्यात म्हणून ते एका वक्रातून गेलेले असतात. फोटोंसाठी वापरला जाणारा सर्वमान्य एसआरजीबी वक्र उलटा फिरवला तर प्रकाशातला फरक दुप्पट नसून सुमारे साडेचारपट निघतो, आणि शोषणांक येतो जवळपास ०.६६. दुपटीहून मोठी चूक, आणि फोटोकडे बघून ती कळतही नाही.

म्हणून ज्याला मनापासून मोजायचंय त्याने रॉ स्वरूपात फोटो घ्यावा. त्यात सेन्सरचे आकडे बरेचसे न शिजवलेले मिळतात. एक्सपोजर, संवेदनशीलता, फोकस आणि व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाची दुरुस्ती) चारही हाताने ठरवून कुलूपबंद करावेत. कुठल्याही चॅनेलचा आकडा वरच्या टोकाला टेकू देऊ नये. २५५ला टेकलेल्या पिक्सेलला ‘यापेक्षा जास्त’ एवढंच माहीत असतं, किती जास्त ते नाही.

आणि कोरा नमुना नेहमी त्याच फ्रेममध्ये ठेवावा, तपासायच्या नमुन्याच्या शेजारी. दिवा थोडा मंद झाला किंवा फोनने काही गुपचूप बदललं, तरी दोघांवर बहुतेक सारखाच परिणाम होतो आणि गुणोत्तर घेताना तो कटतो. लव्हिबाँडच्या काचा हेच करत होत्या. माझ्या मते या सगळ्या विषयात एवढी एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवली तरी अर्धं काम झालं. पूर्ण मात्र नाही : भिंगामुळे फोटोच्या कडा मधल्या भागापेक्षा अंधाऱ्या येतात. म्हणून दोन्ही नळ्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवायच्या आणि जागा बदलून पुन्हा एक फोटो घ्यायचा.

न दिसणाऱ्या गोष्टीला रंग द्यायचा

कॅमेऱ्याला दिसत नाही ते रसायनशास्त्र दाखवू शकतं. मोकळी मेदाम्लं रंगहीन असतात, पेरॉक्साइडही रंगहीन. पण त्यांच्याकडून रंग तयार करवून घेता येतो, आणि फोनचं खरं बळ इथे आहे.

आधी मोकळं आम्ल घेऊ. ओलावा, उष्णता आणि विकरांमुळे ट्रायग्लिसराइड फुटतात आणि मेदाम्लं सुटी होतात. बियाणं खराब असेल किंवा साठवण वाईट असेल तर हे प्रमाण वाढतं. रूढ पद्धतीत तेल अल्कोहोलमध्ये मिसळतात, फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक (आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारा पदार्थ) टाकतात आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्यूरेटमधून अल्कली सोडतात. फोनच्या पद्धतीत ब्यूरेट नसतो. ठरावीक प्रमाणात अल्कली आणि दर्शक असलेलं द्रावण आधीच तयार ठेवायचं, त्यात मोजून तेल घालायचं. तेलातलं आम्ल जेवढं अल्कली खाईल तेवढा रंग सरकेल. ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक पाण्यातल्या द्रावणात पीएच ६.० ते ७.६ या टप्प्यात पिवळ्यापासून हिरव्यातून निळ्याकडे जातो. अल्कोहोलमध्ये हा टप्पा सरकतो, म्हणून ज्या द्रावकात चाचणी करायची त्याच द्रावकात प्रमाण नमुने बनवावे लागतात.

असा दोन रंगांमध्ये सरकणारा दर्शक असेल तर एका चॅनेलऐवजी रंगछटा मोजणं जास्त भरवशाचं ठरतं. छटा हा तिन्ही चॅनेलच्या आपसातल्या प्रमाणाचा हिशेब असतो, त्यामुळे दिव्याची प्रखरता कमीजास्त झाली तरी ती फारशी हलत नाही. रंग एकच असेल आणि फक्त गडद-फिका होत असेल, तर मात्र छटा काहीच सांगत नाही. तिथे शोषणांकच हवा.

पेरॉक्साइड ही खवटपणाची पहिली पायरी. हवेतला ऑक्सिजन असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधाशेजारी जाऊन बसतो आणि हायड्रोपेरॉक्साइड बनतात. आम्लाच्या उपस्थितीत त्यांच्यात पोटॅशियम आयोडाइड मिसळलं की आयोडीन सुटतं, आणि ते स्टार्चबरोबर गडद निळं दिसतं. फोनला जास्त सोयीची दुसरी एक अभिक्रिया आहे. हायड्रोपेरॉक्साइड फेरस लोहाचं फेरिक लोहात रूपांतर करतात आणि फेरिक लोह थायोसायनेटबरोबर रक्तासारखा लाल रंग देतं. त्या लाल रंगाचं शोषण ५०० नॅनोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे वाचायचं हिरव्या-निळ्या बाजूला. ही चाचणी फार संवेदनशील आहे, आणि तिची अडचणही तीच. फेरस लोह साध्या हवेनेसुद्धा फेरिक होतं, म्हणून तेलाशिवाय केलेला कोरा प्रयोग दर वेळी त्याच द्रावणाने सोबत करावा लागतो.

पेरॉक्साइडचं प्रमाण दर किलो तेलामागे मिलिइक्विव्हॅलंट ऑक्सिजनमध्ये सांगतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात रिफाइंड तेलासाठी कमाल १०, तर व्हर्जिन (रिफाइंड न केलेल्या) आणि थंड दाबाने काढलेल्या तेलासाठी १५ अशी मर्यादा आहे. पण आकडा कमी आला म्हणून तेल ताजं, असं मानू नये. पेरॉक्साइड टिकाऊ नसतात. ते आधी वाढतात, मग फुटून अल्डिहाइड आणि इतर पदार्थ बनतात, आणि खवट वास त्यांच्यामुळे येतो. फार जुन्या किंवा खूप तापवलेल्या तेलात पेरॉक्साइडचा आकडा पुन्हा खाली आलेला असू शकतो. त्या पुढच्या पदार्थांसाठी ॲनिसिडिन चाचणी आहे, पण तिचं मोजमाप ३५० नॅनोमीटरवर होतं. ऑक्सिडेशनची आणखी एक खूण, म्हणजे एकाआड एक आलेले दुहेरी बंध, २३२ नॅनोमीटरवर दिसते. दोन्ही अतिनील पट्ट्यात. फोनसाठी तिथे अंधार आहे.

तेल आणि पाणी मिसळत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण फोटोत त्याचा त्रास किती होतो याचा अंदाज नसतो. द्रावण जरासं गढूळ राहिलं तरी प्रकाश विखुरतो आणि कॅमेऱ्याला ते शोषणच वाटतं. आकडा फुगतो. यावर एक साधी पडताळणी आहे. लाल द्रावण लाल प्रकाश फारसा शोषत नाही, म्हणून नमुन्याच्या लाल चॅनेलचा आकडा कोऱ्याइतकाच यायला हवा. तो घसरला असेल तर नळीत रंगाशिवाय आणखी काही आहे : धुकं, बुडबुडे किंवा काचेवरचा बोटाचा डाग. असा फोटो वापरू नये.

लाल उजेड देणारं तेल

एका रंगाचा प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा सोडणं म्हणजे फ्लुरोसन्स. त्यात फोन सगळ्यात चटकन पकडतो अशी एक गोष्ट आहे. अंधाऱ्या खोक्यात व्हर्जिन ऑलिव्ह तेलावर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील किंवा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकला तर तेल लाल चमकतं. हरितद्रव्य आणि फिओफायटिन जांभळा प्रकाश घेतात आणि ६७० ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश सोडतात. रिफाइंड तेलात ही द्रव्यं सक्रिय मातीने शोषून काढलेली असतात, म्हणून ते लाल दिसत नाही, बहुतेक वेळा निळसर चमकतं. व्हर्जिन तेलात रिफाइंड तेल मिसळत गेलं की लाल आणि निळ्याचं प्रमाण बदलत जातं, आणि ते कॅमेऱ्याला दिसतं.

इथे दोन बारकावे आहेत. तेल गडद असेल तर जांभळा प्रकाश पहिल्या थोड्या थरातच संपतो, आणि आत तयार झालेला लाल प्रकाशही बाहेर येईपर्यंत काही प्रमाणात शोषला जातो. त्यामुळे हरितद्रव्य दुप्पट झालं तरी चमक दुप्पट होत नाही, कधी उलट कमी होते. तेल रंगहीन द्रावकात बरंच पातळ करून मोजलं तर हा दोष आटोक्यात येतो. दुसरं, भेसळ करणारे हिरवा रंग वरून घालतात. तांबं जोडलेलं हरितद्रव्य खाद्यरंग म्हणून मिळतं आणि ते पांढऱ्या उजेडात छान हिरवं दिसतं, पण तांब्यामुळे त्याचा लाल उजेड जवळजवळ विझलेला असतो. साध्या फोटोत हिरवं आणि जांभळ्या उजेडात थंड, असं तेल संशय घ्यायला पुरेसं आहे. सिद्ध करायला मात्र पुरेसं नाही, कारण हरितद्रव्याचं प्रमाण फळाच्या पक्वतेनुसार आणि साठवणीतल्या उजेडानुसारही बदलतं. जांभळ्या दिव्याकडे किंवा लेझरकडे थेट पाहू नये, हे सांगायला हवंच.

वर्णपट मोजायचा असेल तर डीव्हीडीचा तुकडा कामी येतो. तिच्या रेषा ०.७४ मायक्रोमीटर अंतरावर असतात, म्हणजे मिलिमीटरमध्ये सुमारे १३५०. वरचा चकचकीत थर काढून, समोर अरुंद फट ठेवून फोन लावला की प्रकाश रंगांत विभागलेला दिसतो. कुठला पिक्सेल म्हणजे कुठली तरंगलांबी, हे सीएफएल दिव्यावरून ठरवतात, कारण त्यातल्या पाऱ्याच्या रेषा ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटरवर पक्क्या असतात. हरितद्रव्यामुळे तेलाच्या वर्णपटात ६७० नॅनोमीटरजवळ पडणारी खाच असा घरगुती वर्णपटमापकही दाखवू शकतो. अवरक्त अडवणारी काच त्या भागात आधीच थोडा प्रकाश खाते, म्हणून तिथे आकडे अशक्त येतात.

आकड्यापासून उत्तरापर्यंत

फोनच्या गाळण्या साधारण १०० नॅनोमीटर रुंद असतात, तर शोषणांकाचा नियम एकाच तरंगलांबीसाठी लिहिलेला आहे. परिणामी प्रमाण वाढलं की सरळ रेषा वाकायला लागते. सूत्रात आकडे टाकून हे सुटत नाही. माहीत असलेल्या प्रमाणाचे पाच-सहा नमुने त्याच खोक्यात, त्याच दिव्याखाली मोजून स्वतःचा आलेख काढावा लागतो, आणि अनोळखी नमुना त्या आलेखाच्या आतच पडायला हवा. जास्त गडद असेल तर पातळ करावा. नळीच्या मधल्या भागातल्या १०० बाय १०० पिक्सेलची सरासरी घेतली तर सेन्सरचा यादृच्छिक गोंगाट खूप खाली येतो. पद्धतशीर चूक मात्र कितीही सरासरीने जात नाही.

हल्ली शेकडो फोटो संगणकाला शिकवून तेलं वेगळी करण्याचे प्रयत्न होतात. त्यात तथ्य आहे, पण मी एकच प्रश्न आधी विचारेन : शिकवताना न वापरलेल्या फोनवर, न वापरलेल्या दिव्याखाली, वेगळ्या हंगामाच्या तेलावर ते चाललं का? नाहीतर संगणक तेलाऐवजी खोक्यातला उजेड ओळखायला शिकलेला असतो.

तळणीच्या तेलाचा काळपटपणा बघून ते फेकायचं का ठरवणं हेही असंच नाजूक. अनेक देशांत एकूण ध्रुवीय घटक (तळताना तेल मोडून बनणारे पदार्थ) २४ ते २७ टक्क्यांपर्यंत गेले की तेल टाकायचं अशी मर्यादा आहे. पण काळपटपणा तळलेल्या पदार्थावरही अवलंबून असतो, म्हणून हातात धरून मोजायची उपकरणं रंगाऐवजी तेलाचा विद्युत गुणधर्म मोजतात. एकाच ठिकाणी, एकच पदार्थ तळणाऱ्याने स्वतःचा आलेख बनवला तर फोन त्याला उपयोगी पडेल. दुसऱ्याच्या कढईला तो आलेख लागू होणार नाही.

सुरक्षिततेचा निर्णय तर फोनवर सोडूच नये. १९८१मध्ये स्पेनमध्ये औद्योगिक वापरासाठी ॲनिलीन मिसळलेलं रेपसीड तेल पुन्हा शुद्ध करून खाद्यतेल म्हणून विकलं गेलं. सुमारे २०,००० लोक आजारी पडले, शेकडो मेले. नेमका घातक रेणू कोणता, यावर आजही एकमत नाही. अशा वेळी तीन चॅनेलचा कॅमेरा काहीच सांगू शकत नाही. संशय आला की नमुना गॅस क्रोमॅटोग्राफी (घटक वेगळे करून मोजणारं तंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत जायला हवा. अंधारात ठेवलेल्या, काठोकाठ भरलेल्या, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत तो पाठवावा, कारण उजेड आणि हवा मिळाली तर वाटेतच पेरॉक्साइड वाढतात आणि तिथला आकडा मूळ तेलाचा राहत नाही.